न कापता आतले पाहणे

खंडाळा तालुक्यातील लोणंदची कांद्याची बाजारपेठ सर्वांच्या परिचयाची आहे. बाजाराच्या दिवशी तेथे कांद्याचे ढीग लागतात. व्यापारी ढिगातून एखाददुसरा कांदा उचलतो, बोटांनी दाबून पाहतो, कधी नाकाशीही नेतो आणि मग भाव बोलतो. एवढे करूनही एक गोष्ट त्याला कळत नाही. वरून तांबूस, टणक आणि चकचकीत दिसणाऱ्या कांद्याचा आतला एखादा पदर नासलेला असू शकतो. ते ओळखण्याचा खात्रीचा उपाय म्हणजे कांदा चिरणे. परंतु चिरलेला कांदा विकता येत नाही आणि साठवताही येत नाही. जे जाणून घ्यावयाचे ते जाणून घेता घेता वस्तूच हातची जाते.

मुलांनो, वैद्यांची अडचण याच जातीची, पण याहून फार कठीण होती. त्यांच्यापुढे कांद्याच्या जागी माणूस असतो. पोटात गाठ आहे की नाही हे पाहण्यासाठी पोट चिरावे आणि गाठ नाही असे दिसून यावे, असे प्रसंग पूर्वी घडत. म्हणून शरीर न उघडता आतले जाणण्याच्या युक्त्या फार पुरातन काळापासून माणूस शोधत आला. नाडी पाहणे ही एक युक्ती. ठोकून नाद ऐकणे ही दुसरी. व्हिएन्ना शहरातील आउएनब्रुगर नावाच्या वैद्याने रोग्याच्या छातीवर बोटांनी ठोकून आतील रोग ओळखण्याची रीत १७६१ साली ग्रंथरूपाने मांडली. त्याचे वडील खाणावळ चालवीत; पिंपात पेय किती उरले आहे हे पिंपावर ठोकून ओळखताना त्याने लहानपणी त्यांना पाहिले होते, असे सांगतात. आपल्या मिरजेतील तंबोरे आणि सतारी घडविणारे कारागीरही पंढरपूर भागातून आलेला वाळका भोपळा टिचकी मारून पारखतात. कान तयार असेल तर नाद पुष्कळ काही सांगतो. पण दोष आहे एवढे कळणे आणि तो नेमका कोठे व केवढा आहे हे डोळ्यांनी पाहणे, यांत मोठे अंतर आहे.

ते अंतर तोडण्याचे पहिले पाऊल जर्मनीतील वुर्झबर्ग येथे पडले. तेथील प्राध्यापक विल्हेल्म रंटगेन यांना ८ नोव्हेंबर १८९५ रोजी काचेच्या नळीतून निघणाऱ्या एका अज्ञात किरणाचा शोध लागला. गणितात अज्ञात राशीला 'क्ष' म्हणतात, म्हणून मराठीत त्यांना क्ष-किरण हे नाव पडले. हे किरण कागद, लाकूड आणि मांस यांतून सहज पार होतात. हाडातून कमी जातात, तर धातूत बहुतेक अडतात. त्याच वर्षीच्या डिसेंबरात रंटगेन यांनी आपल्या पत्नीच्या हाताचे चित्र घेतले. त्यात बोटांची हाडे आणि बोटातील अंगठी स्पष्ट उमटली होती. मोडलेले हाड, गिळलेले नाणे, शरीरात रुतलेली गोळी यांचा ठाव आता घरबसल्या नसला तरी शस्त्राविना लागू लागला. भौतिकशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक १९०१ साली रंटगेन यांनाच मिळाले.

तथापि क्ष-किरणांचे साधे चित्र म्हणजे शेवटी एक सावली होय, आणि सावलीचा स्वभाव तुम्हांस ठाऊक आहे. कंदिलापुढे दोन माणसे एकामागे एक उभी राहिली तर भिंतीवर दोघांची मिळून एकच सावली पडते. पुढे कोण आणि मागे कोण हे तिच्यावरून सांगता येत नाही. छातीच्या चित्रातही पुढच्या फासळ्या, हृदय, फुप्फुसे आणि पाठीचा कणा एकाच कागदावर एकमेकांवर चढलेले असतात. मेंदूच्या बाबतीत तर ही सावली जवळजवळ निरुपयोगी ठरे. मेंदूभोवती सर्व बाजूंनी कवटीचे कठीण हाड. आत मेंदू, रक्त, पाणी आणि झालीच असेल तर गाठ, हे सारे मऊ आणि किरणांना जवळजवळ सारखेच पारदर्शक. कवटीच्या गडद सावलीत आतला सूक्ष्म भेद बुडून जाई. अमेरिकेतील वॉल्टर डँडी या शस्त्रवैद्याने १९१९ साली यावर एक उपाय काढला. पाठीच्या कण्यातून हवा आत सोडावयाची, ती वर मेंदूतील पोकळ्यांत शिरली म्हणजे चित्र घ्यावयाचे, आणि पोकळी एका बाजूला सरकलेली दिसली तर दुसऱ्या बाजूस गाठ असावी असा तर्क करावयाचा. या तपासणीने रोग्याचे डोके असह्य दुखे. तरीही पुढची पन्नास वर्षे वैद्यांना हाच मार्ग धरावा लागला, कारण याहून बरा मार्ग नव्हता.

येथे थोडे थांबून एक कोडे सोडवू. पाटावर चार बंद डबे ठेवले आहेत, दोन मागच्या ओळीत आणि दोन पुढच्या ओळीत. प्रत्येकात काही गोट्या आहेत, एखादा रिकामाही असू शकेल. झाकण उघडावयाचे नाही. तुम्हांला एवढेच सांगितले आहे की मागच्या ओळीतील दोन डब्यांत मिळून ४ गोट्या आहेत आणि पुढच्या ओळीत मिळून ७. तर कोणत्या डब्यात किती? एवढ्यावरून उत्तर निघत नाही. म्हणून आणखी सांगतो, डावीकडच्या दोन डब्यांत मिळून ५ आणि उजवीकडच्या दोहोंत मिळून ६. आता पाटी घ्या आणि प्रयत्न करा. मागे ३ व १ आणि पुढे २ व ५, असे मांडले तर चारही बेरजा जुळतात. पण मागे २ व २ आणि पुढे ३ व ४, असे मांडले तरीही त्या जुळतात! शोधू लागाल तर अशी पाच उत्तरे सापडतील. आता एकच बेरीज तिरकी सांगतो: मागचा डावा आणि पुढचा उजवा डबा यांत मिळून ८ गोट्या आहेत. झाले! पाचांपैकी चार उत्तरे बाद होतात आणि पहिले तेवढे उरते. झाकण न उघडता चारही डब्यांचे अंतरंग कळले.

क्ष-किरणांची सावली ही अशीच एक बेरीज असते. किरण शरीरातून जाताना वाटेतील प्रत्येक भाग त्याला थोडा थोडा अडवितो. पलीकडे तो किती क्षीण होऊन निघाला हे मोजले की वाटेतील साऱ्या अडथळ्यांची बेरीज कळते. (या क्षीणतेची बेरीज कशी होते हे पुढे लॉगॅरिथम शिकाल तेव्हा नीट उमगेल.) एका दिशेने किरण सोडले तर एका दिशेच्या बेरजा मिळतात. त्यावरून आतले कळत नाही. परंतु तोच पातळ आडवा काप डोळ्यांपुढे ठेवून सर्व बाजूंनी, तिरक्या तिरक्या दिशांनी किरण सोडले, तर बेरजांचा एवढा साठा जमतो की त्या कापातील एकेका बिंदूचा अडथळा किती हे गणिताने काढता येते. प्रत्येक बिंदूला त्याच्या अडथळ्याप्रमाणे काळी, करडी किंवा पांढरी छटा दिली की कापाचे चित्र तयार होते. कांदा चिरला नाही, पण चकतीचे चित्र मात्र हाती आले. या विद्येला इंग्रजीतून आलेले नाव टोमोग्राफी. ग्रीक भाषेत 'टोमोस' म्हणजे काप. आपण तिला छेदचित्रण म्हणू. रुग्णालयात तिलाच 'सीटी स्कॅन' म्हणतात.

गणिताचा मूळ सिद्धांत योहान रादोन या ऑस्ट्रियन गणितज्ञाने १९१७ सालीच सिद्ध केला होता. मात्र त्याच्या मनात ना वैद्य होते ना क्ष-किरण. शुद्ध गणिताचा तो एक निबंध होता आणि गणितज्ञांच्या नियतकालिकात तो पडून राहिला. पुढे १९५६ साली दक्षिण आफ्रिकेत केपटाउन येथे ॲलन कॉर्मॅक हे तरुण भौतिकशास्त्रज्ञ एका रुग्णालयात काही काळ कामास गेले असता त्यांना हाच प्रश्न नव्याने पडला, आणि रादोनचा निबंध ठाऊक नसल्यामुळे त्यांनी तो स्वतःच सोडविला. आपले गणित खरे आहे की नाही हे पाहण्यासाठी त्यांनी ॲल्युमिनियमची गोल चकती घेऊन तिच्याभोवती लाकडाचे कडे बसविले आणि तिच्यातून किरण सोडले. उत्तर आले, पण चकतीच्या मधोमध अडथळा थोडा कमी भासत होता. चकती तर एकजिनसी असावयास हवी! चौकशी करता असे निघाले की, घडविणाऱ्याने तिच्या मध्यभागी जवळजवळ शुद्ध ॲल्युमिनियमची एक खुंटी बसविली होती. कारागिराने न सांगितलेली गोष्ट गणिताने सांगितली. कॉर्मॅक यांनी १९६३ आणि १९६४ साली हे काम प्रसिद्ध केले. तथापि त्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. त्या निबंधाची प्रत मागविणाऱ्यांत बर्फाच्या कड्यांचा अभ्यास करणारी स्वित्झर्लंडमधील एक संस्था होती, ही गोष्ट ते पुढे मोठ्या गमतीने सांगत.

ज्याने ही विद्या प्रत्यक्ष यंत्रात उतरविली तो मनुष्य निराळ्याच वळणाचा होता. गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांचा जन्म २८ ऑगस्ट १९१९ रोजी इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमशायर परगण्यातील नेवार्क येथे एका शेतकऱ्याच्या घरी झाला. पाच भावंडांत ते धाकटे. शेतावरील यंत्रे उघडून पाहणे आणि घरी बनविलेले पंख लावून गवताच्या गंजीवरून उडी घेणे हे त्यांचे बालपणीचे उद्योग. विद्यापीठाची पदवी त्यांनी कधी घेतली नाही. वीजशास्त्राची पदविका घेऊन ते ई. एम. आय. या कंपनीत लागले. तबकड्या काढणारी कंपनी म्हणून तिचे नाव सर्वतोमुखी होते, पण रडार आणि संगणक यांचेही काम तेथे चाले. बंद पेटीत काय आहे ते सर्व बाजूंनी मोजमापे घेऊन ओळखता येईल काय, असा विचार त्यांच्या मनात १९६७ साली आला. एका जुन्या लेथच्या पाट्यावर त्यांनी पहिले उपकरण मांडले. किरणांचा उगम एवढा क्षीण होता की एका कापाची मोजमापे पुरी होण्यास ९ दिवस लागले आणि मोठ्या संगणकावर त्यांचा हिशेब होण्यास अडीच तास! पुढे क्ष-किरणांची नळी बसविल्यावर ९ दिवसांचे ९ तास झाले. तपासणीसाठी बैलाचा मेंदू पिशवीत घालून हे गृहस्थ लंडनच्या सार्वजनिक वाहनांतून प्रवास करीत. शेजारी बसलेल्या उतारूंना पिशवीत काय आहे याची कल्पना नव्हती, हे बरेच झाले.

१ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडननजीक विंबल्डन येथील ॲटकिन्सन मोर्ले रुग्णालयात या यंत्राने पहिल्या रोग्याची तपासणी झाली. एका स्त्रीच्या मेंदूत पुढच्या भागात गाठ असावी असा वैद्यांचा संशय होता. यंत्र तिच्या डोक्याभोवती एकेक अंश फिरत गेले. १८० दिशा आणि प्रत्येक दिशेत १६० मोजमापे, म्हणजे एकंदर २८,८०० बेरजा. आपल्या कोड्यात चार डबे होते. येथे कापाचे ८० गुणिले ८० म्हणजे ६,४०० चौकोन होते. चित्र तयार झाले तेव्हा कवटीच्या आत डाव्या बाजूस गोल गाठ स्पष्ट दिसली. शस्त्रक्रिया झाली, आणि चित्रात जशी दिसली होती तशीच गाठ त्या जागी निघाली. डोक्यात हवा सोडण्याचा तो जुना छळ यानंतर काही वर्षांतच बंद पडला. हाउन्सफील्ड आणि कॉर्मॅक यांना १९७९ साली वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून देण्यात आले. दोघांपैकी एकही वैद्य नव्हता!

याच १९७१ साली आपल्या देशातील दोन शास्त्रज्ञांनी या विद्येत मोलाची भर घातली, आणि ती आपल्या मुलांना ठाऊक नसते याचा मला खेद वाटतो. चंद्रशेखर व्यंकट रामन यांचे शिष्य जी. एन. रामचंद्रन आणि त्यांचे सहकारी ए. व्ही. लक्ष्मीनारायणन यांचे ते काम. त्यांनी काय केले ते समजण्यासाठी अशी कल्पना करा की, प्रत्येक दिशेची सावली आपण ज्या दिशेने आली त्याच दिशेने कागदावर परत ओढून पसरविली. जेथे गाठ आहे तेथे साऱ्या सावल्या एकमेकींवर येतील आणि तो बिंदू गडद होईल. पण ओढलेल्या प्रत्येक रेघेचा माग इतरत्रही राहील, त्यामुळे गडद बिंदूभोवती धुक्यासारखे वलय पसरेल आणि चित्र पुसट होईल. रामचंद्रन आणि लक्ष्मीनारायणन यांनी दाखविले की, सावली परत ओढण्यापूर्वीच तिच्यातील प्रत्येक मोजमापातून आजूबाजूच्या मोजमापांचा ठराविक अंश वजा करावा. म्हणजे पुढे जे धुके पडणार, ते आधीच कापले जाते आणि रेखीव चित्र उमटते. ही रीत पूर्वीच्या गणितापेक्षा सोपी आणि शीघ्र होती. आज जगातील कोणत्याही विद्यापीठात छेदचित्रण शिकविताना 'राम-लाक गाळणी' हे नाव येतेच. त्यातील 'राम' म्हणजे रामचंद्रन आणि 'लाक' म्हणजे लक्ष्मीनारायणन.

आजच्या यंत्रात नळी रोग्याभोवती एका सेकंदाहून कमी वेळात फेरा घेते, आणि एका कापाचे ५१२ गुणिले ५१२ चौकोन पाडले जातात. चौकोनांना दिलेल्या आकड्यांची मोजपट्टी हाउन्सफील्ड यांच्याच नावाने ओळखतात. तिच्यात पाणी शून्य, हवा उणे एक हजार, चरबी उणे शंभराच्या आसपास आणि कठीण हाड अधिक एक हजाराच्या घरात. ताजे गोठलेले रक्त मेंदूच्या मानाने थोडे वरच्या आकड्याचे असते, म्हणून ते चित्रात अधिक पांढरे दिसते. हा लहानसा भेद किती मोलाचा आहे पाहा. खंडाळ्यावरून पुणे-सातारा महामार्ग जातो. अपघातात एखाद्याच्या डोक्याला मार बसला, वरून जखम दिसत नाही, तो बोलतही आहे. पण आत कवटी आणि मेंदू यांच्यामध्ये रक्त साचत असेल तर काही तासांत तो दगावू शकतो. छेदचित्रात ते रक्त पांढऱ्या भिंगासारखे दिसते आणि शस्त्रवैद्याला कोठे छिद्र पाडावे हे कळते. पक्षाघाताच्या झटक्यातही तसेच. झटका रक्तवाहिनी तुंबल्यामुळे येतो किंवा ती फुटल्यामुळे. बाहेरून दोन्ही रोगी सारखेच दिसतात. हात उचलत नाही, वाचा जड होते. तुंबलेल्या वाहिनीसाठी रक्ताची गाठ विरघळविणारे औषध देतात. तेच औषध वाहिनी फुटलेल्या रोग्याला दिले तर त्याचा प्राण जाईल. म्हणून असा रोगी आला की औषधापूर्वी त्याला प्रथम या यंत्राखाली नेतात.

मात्र हे किरण निरुपद्रवी नाहीत. छातीच्या साध्या क्ष-किरण चित्राच्या मानाने छातीच्या छेदचित्रणात किरणांची मात्रा पन्नास पटींहून अधिक असू शकते, आणि वाढत्या वयाच्या मुलांच्या शरीरास त्यांची बाधा मोठ्यांपेक्षा अधिक होते. जेथे गरज आहे तेथे भिऊन तपासणी टाळणे चुकीचे, आणि डोके थोडे दुखले म्हणून हौसेने ती करून घेणेही चुकीचे. पोटाची सोनोग्राफी आवाजाच्या लहरींनी होते आणि एम. आर. आय. चुंबकाच्या बळावर, त्या दोहोंत क्ष-किरण नसतात. हे सारे एकच समजण्याची चूक पुष्कळ सुशिक्षितही करतात.

निर्जीव वस्तूंना किरणांची बाधा नाही, म्हणून कारखान्यांत हे यंत्र अधिक मोकळेपणाने वापरता येते. सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडी १९१० साली वसली आणि तेथे ओतीव लोखंडाचे नांगर बनू लागले. ज्यांनी ओतकाम पाहिले असेल त्यांना ठाऊक आहे की, वितळलेला रस साच्यात थंड होताना आत हवा कोंडली तर पोकळी राहते. वरून घासूनपुसून वस्तू लखलखीत दिसते आणि भार पडला की नेमकी त्या जागी तडकते. नांगर मोडला तर तो बदलता येतो. विमानाच्या इंजिनातील पाते उडताना मोडले तर काय होईल? अग्निबाणातील घन इंधनात चीर असेल तर ज्वाला त्या चिरेत शिरते, एकाच वेळी अपेक्षेहून अधिक इंधन पेटते आणि आतला दाब भलताच वाढतो. म्हणून असले भाग वापरण्यापूर्वी क्ष-किरणांनी तपासतात. रुग्णालयात नळीला सुमारे १ लाख २० हजार व्होल्टचा दाब पुरतो. धातूंसाठी ४ लाख ५० हजार व्होल्टच्या नळ्या लागतात. तेथे बहुधा यंत्र स्थिर असते आणि वस्तूच फिरत्या चौरंगावर ठेवतात. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात कांद्यांवरही क्ष-किरणांचे प्रयोग झालेले आहेत. लोणंदच्या व्यापाऱ्याची अडचण तेथल्याही व्यापाऱ्याला आहे, असे दिसते.

इंजिनाची पाती तपासण्यासाठी बनविलेल्या अशाच एका अवजड यंत्राने एक जुने कोडे उलगडले. ग्रीसमधील अँटिकिथेरा बेटाजवळ दोन हजार वर्षांपूर्वी बुडालेल्या जहाजातून १९०१ साली काशाचा एक गंजलेला गोळा वर आला होता. त्यात दातेरी चाके आहेत एवढे दिसत होते, पण गोळा फोडला असता तर सारेच चुरले असते. २००५ साली काही टन वजनाचे ते यंत्र इंग्लंडहून अथेन्सच्या संग्रहालयात नेण्यात आले. छेदचित्रांत आतली चाके दात मोजता येतील इतकी स्पष्ट दिसली आणि गंजाखाली दडलेली बारीक अक्षरेही वाचता आली. सूर्य-चंद्रांच्या गती आणि ग्रहणे वर्तविणारे ते गणितयंत्र होते. वाद्यांचेही असेच. इटलीतील स्ट्रॅडिव्हेरियस याने १७०४ साली घडविलेल्या 'बेट्स' नावाच्या व्हायोलिनची छेदचित्रे घेऊन, लाकडाची जाडी आणि वळणे जागोजाग मोजून, अमेरिकेत त्याच्या प्रतिकृती करण्यात आल्या. हे काम २०११ साली जगापुढे मांडले गेले. प्रतिकृतींचा नाद मुळासारखा आला की नाही यावर जाणते वाद घालतील. माझ्या मते मिरजेच्या कारागिराची टिचकी अजून निरुपयोगी झालेली नाही.

आता आपल्याच जिल्ह्यातील एका मोठ्या वस्तूकडे वळू, जी कोणत्याही चौरंगावर मावणार नाही. खंबाटकी घाटात रस्त्यासाठी डोंगर कापलेला आहे. त्या कापात काळ्या खडकाचे थर एकावर एक रचलेले उघडे दिसतात. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी ज्वालामुखीतून वाहिलेल्या लाव्ह्याचे हे थर. रस्त्याने डोंगराला दिलेला हा छेदच होय. पण तो फार तर शेदोनशे फूट खोल. त्याच्या खाली काय आहे? हा प्रश्न सातारा जिल्ह्यात नुसत्या कुतूहलाचा नाही. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयनानगर परिसरात मोठा भूकंप झाला. झोपेतच घरे कोसळून जवळजवळ दोनशे माणसे मृत्युमुखी पडली. कोयनेच्या जलाशयात पाणी भरू लागल्यापासून तेथे धक्के बसू लागले होते, आणि ते आजतागायत थांबलेले नाहीत. पुढे वारणेचे धरण भरू लागल्यावर धक्क्यांचा प्रदेश दक्षिणेकडे, सांगलीच्या सीमेपर्यंत विस्तारला. हे धक्के बहुतेक सारे जमिनीखाली दहा किलोमीटरांच्या आत उगम पावतात. तेथील खडक कोठे अखंड आहे आणि कोठे फुटलेला, पाणी कोठवर मुरले आहे, हे कळल्याखेरीज भूकंपाचे कारण नीट कळणार नाही.

क्ष-किरण येथे निकामी ठरतात. वीतभर खडकात त्यांचा जोर संपतो. मग किलोमीटरच्या किलोमीटर खडकातून पार होणारा किरण कोणता? तो भूकंपच पुरवितो. धक्का बसला की त्याच्या लहरी सर्व दिशांना धावतात. अखंड, घट्ट खडकातून त्या वेगाने जातात. फुटलेल्या खडकातून त्यांची गती मंदावते. जमिनीवर ठिकठिकाणी भूकंपमापके ठेवून लहर कोठे केव्हा पोचली हे सेकंदाच्या शतांशापर्यंत टिपतात. कोणत्या वाटेने तिला किती उशीर झाला ही झाली त्या वाटेची बेरीज. असे शेकडो लहान धक्के आणि प्रत्येकाच्या अनेक वाटा जमल्या की आपले डब्यांचेच कोडे पुन्हा मांडावयाचे, एवढेच की येथे डबे किलोमीटरच्या मापाचे. जपानमध्ये जन्मलेले भूकंपशास्त्रज्ञ केइती अकी यांनी सहकाऱ्यांसह १९७६ पासून ही रीत घडविली, आणि कोयना-वारणा प्रदेशात हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी ती वापरली. रुग्णालयातल्यासारखे रेखीव चित्र येथे मिळत नाही. तेथे यंत्र हवे तसे फिरविता येते. येथे धक्का कोठे बसावा हे आपल्या हाती नाही, शिवाय लहरींच्या वाटाही खडकानुसार वाकतात.

विंबल्डनच्या चित्राचा खरेखोटेपणा शस्त्रवैद्याने कवटी उघडून पाहिला होता. कोयनेतही शास्त्रज्ञांनी जमिनीत भोके पाडून पाहिले. प्रथम सुमारे दीड किलोमीटर खोलीच्या अनेक विंधनविवरांतून खडकाचे लांब दंडगोल वर काढण्यात आले, आणि २०१७ साली गोठणे येथे सुमारे ३ किलोमीटर खोलीचे विवर पुरे झाले. तेथे लाव्ह्याचा काळा खडक सव्वा किलोमीटर जाडीचा निघाला. त्याच्या तळाशी वाळू किंवा गाळ काहीच न लागता एकदम ग्रॅनाइटच्या जातीचा, अब्जावधी वर्षांचा जुना खडक लागला. धक्क्यांचे उगम या जुन्या खडकात आहेत. कराड येथे केंद्र सरकारच्या भूविज्ञान मंत्रालयाची विवर-संशोधनाची प्रयोगशाळा या कामासाठी उभी आहे. काही विवरांच्या तळाशी भूकंपमापके सोडलेली आहेत. वरच्या वाहनांचा आणि वाऱ्यापावसाचा गोंगाट तेथे पोचत नाही, म्हणून आपल्या पायांना मुळीच जाणवणार नाहीत असे धक्केही त्यांना ऐकू येतात, आणि असा प्रत्येक धक्का सह्याद्रीखालच्या त्या अपुऱ्या चित्रात आणखी काही रेघांची भर घालतो.